डबी रिकामी परत करायची नाही

आमच्या कामाचे किस्से साचत जातात, कारण ते सांगायला जागाच सापडत नाही. "तू नेमकं करतेस काय?" हा प्रश्न लोक हमखास जेवतानाच विचारतात. लग्नाच्या पंगतीत, डोहाळजेवणात, ट्रेनमध्ये शेजारच्या काकूंनी पुरीभाजीचा डबा उघडला की! मी खरं उत्तर दिलं की समोरच्याचा घास हातातच राहतो. म्हणून मी "पोटाच्या आजारांवर संशोधन" एवढंच म्हणते आणि वरण वाढून घेते. आज तुमच्या हातात ताट नाही असं धरून चालते.

तर खरं उत्तर असं. रायपूरच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही माणसाच्या आतड्यातले जंत शोधतो. जंत कुठून शोधतात हे तुम्हाला कळलं असेलच. गुढियारी वस्तीतल्या एकाच गल्लीतली दोन मुलं घ्या. एकाच नळाचं पाणी पितात, एकाच मातीत अनवाणी खेळतात. दोघांनाही जंताची गोळी दिली. सहा महिन्यांनी एकाच्या पोटात जंत परत हजर, दुसऱ्याचं पोट साफ! असं का? आमच्या मॅडमचं म्हणणं, आतड्यात आधीपासून राहणारे जिवाणू यात काहीतरी ठरवतात. उंदरांमधल्या एका जंताची अंडी तर आतड्यातल्या जिवाणूंचा स्पर्श झाल्याशिवाय उबतच नाहीत. मग माणसाच्या पोटातले जिवाणू कोणाला थारा देतात आणि कोणाला हाकलतात, हे आम्ही शोधतो.

त्यासाठी प्रत्येक मुलाचा नमुना दोनदा लागतो. एक गोळीच्या आधी, एक सहा महिन्यांनी. दुसरा आला नाही तर पहिला फुकट. हे लक्षात ठेवा, कारण मॅडमची सगळी वर्षं त्या दुसऱ्या डबीवर टांगलेली होती.

आम्ही पाच जण. मॅडम शंकरनगरला राहतात, हुशार आहेत, आणि रागावल्या की अगदी हळू बोलतात. वानखेडेकाका आमचे टेक्निशियन. वडील रेल्वेत होते, वर्ध्याकडून इकडे आले. काकांचा जन्म इथलाच, पण बोली अजून तिकडची. मायक्रोस्कोपला डोळा लावला की काकांना जे दिसतं ते आम्हाला पुस्तकात बघूनही दिसत नाही. सुखबती दीदी वस्तीत घरोघर जाऊन डब्या देतात आणि आणतात. निखिल पीएचडी करतो. घरी मराठी, पण तुम्ही मराठीत विचारा, तो हिंदीत उत्तर देणार. आणि पाचवी मी, रायपूरच्याच बूढापाऱ्याची.

*

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सुखबती दीदी पहिल्याच दिवशी बिसाहिन दाईंच्या घरी गेल्या. दाई म्हणजे सत्तरीच्या पुढची, काटक, गल्लीत जिचा शब्द चालतो अशी म्हातारी. नात सहा वर्षांची, हातापायाच्या काड्या. दीदींनी पांढऱ्या झाकणाची डबी पुढे केली, पण ओट्यावर घरातले-शेजारचे असे चार बाप्ये बसलेले. दीदी लाजल्या. डबीत काय द्यायचं ते न सांगताच म्हणाल्या, "समझ गे न, दाई?"

दाई म्हणाल्या, "हव."

दुसऱ्या दिवशी डबी आली. काकांनी मास्क लावला, हातमोजे चढवले, चिमटा घेतला, झाकण उघडलं. आत काठोकाठ साखर! डबी स्वच्छ घासलेली, पुसलेली, लेबलवर नातीचं वय आणि वेळसुद्धा लिहून घेतलेली.

दीदी धावत परत गेल्या. दाई उलट त्यांच्यावरच चिडल्या. "पराया घर के डब्बा, खाली कइसे लहुटाबो?"

परक्या घरची डबी रिकामी कशी परत करायची! माझी आजीही शेजारचा डबा कधी रिकामा परत करत नसे. दीदींनी मग मान खाली घालून, पदराआडून, सगळं नीट समजावून सांगितलं. दाईंनी पाच मिनिटं हसून घेतलं आणि दुसरी डबी मागितली.

आमच्या नोंदवहीत एक रकाना असतो, नमुन्याचं स्वरूप. घट्ट, पातळ, वगैरे. नातीचा नंबर सत्तावीस. त्याच्यापुढे काकांच्या अक्षरात अजून वाचता येतं: "साखर. चव घेतलेली नाही."

*

जिवाणूंचा अभ्यास म्हटलं की आहार विचारावा लागतो. दही, ताक, इडली असं आंबवलेलं काही खाल्लं की पोटातली वस्ती बदलते. त्यासाठी मी चार पानांची प्रश्नावली केली. सुंदर छापली. मला तिचा भारी अभिमान होता.

"क्या आप किण्वित खाद्य पदार्थ खाते हैं?" या प्रश्नाला पहिल्या चाळीस घरांनी "नहीं" सांगितलं. मी मॅडमसमोर छातीठोकपणे जाहीर केलं की या वस्तीच्या आहारात आंबवलेलं काही नाही.

सुखबती दीदी कोपऱ्यात आपला डबा खात होत्या. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा आणि मिरची. त्यांनी मान वर केली. "अउ बासी?"

मी म्हटलं, "बासी काय?"

"ये का खावत हंव?" दीदींनी डबा माझ्यापुढे सरकवला.

मी इथेच जन्मले. बासी शेजारीपाजारी रोज पाहिलेली. रात्रभर भिजून आंबलेला भात! आणि माझ्या चार पानांत त्याला जागाच नाही. दुसऱ्या दिवशी दीदी त्याच चाळीस घरी परत गेल्या आणि एकच प्रश्न विचारला, "बासी खाथव?" चाळीसही घरी उत्तर आलं, "हव, अउ का!"

मॅडमनी माझी प्रश्नावली उचलली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आता ही दीदींकडून लिहून घे." त्या दिवसापासून आमचा कुठलाही कागद दीदींना दाखवल्याशिवाय छापायला जात नाही. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता ही गोष्ट मीच सगळ्यांना सांगते.

*

निखिलचा किस्सा त्याच्या परवानगीने सांगते. म्हणजे त्याने "नहीं" म्हटलं, पण हसत म्हटलं.

अंकुशकृमी नावाचा एक जंत असतो. अनवाणी पायातून शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. त्याची अंडी फार नाजूक. आम्ही स्लाइड ग्लिसरीन लावून बनवतो आणि त्या ग्लिसरीननेच ही अंडी थोड्या वेळात पारदर्शक होऊन नाहीशी दिसायला लागतात. म्हणून स्लाइड बनवली की अर्ध्या तासात बघायची. हा आमच्याकडचा कायदाच.

एकदा काका सुट्टीवर होते. निखिलने सकाळी अकराला अठरा स्लाइड बनवल्या. तेवढ्यात शेजारच्या लॅबमध्ये कुणाचा तरी वाढदिवस निघाला. केक झाला, समोसे झाले, फोटो झाले. निखिल परत येऊन शांतपणे बसला आणि स्लाइड बघायला लागला. पहिली साफ, दुसरी साफ. अठराही साफ! गडी उठला आणि मीटिंगमध्ये बसलेल्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, ब्रेकथ्रू है! गुढियारी हुकवर्म-फ्री हो गया!"

मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "स्लाइड किती वाजता बनवल्या?"

"ग्यारह बजे."

"आणि बघितल्या?"

निखिलने घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते. पुढचं संभाषण तो सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले, सगळं ऐकलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय बे पोट्ट्या, तू समोसे खातपर्यंत अंडी तुयी वाट पाहून राहतीन काय?" मग घरून स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणून त्याच्या टेबलावर ठेवलं. ते ट्रर्र करून वाजतं. निखिल आता वाढदिवसाला स्वतःच्या घरीही थांबत नाही म्हणतात!

*

संशोधनात निरोगी माणसांचे नमुनेही तुलनेला लागतात. मॅडम म्हणाल्या, "लोकांकडे मागतो, तर आधी आपण देऊ." बोलणं रास्त होतं, पण एकमेकांच्या तोंडाकडे बघायची पंचाईत झाली. शेवटी डब्यांवर नावाऐवजी कोड टाकले आणि ते कोड एका लिफाफ्यात बंद केले.

काकांनी सगळ्या स्लाइड पाहिल्या. चहाच्या वेळी आम्ही सगळे बसलो होतो. काका चष्मा पुसत म्हणाले, "कोड नऊ जो कोणी असन, त्यानं कोशिंबिरीची भाजी धुऊन खात जा म्हणा. पोटात जिआर्डियाचा जंतू पोसून राहिला."

मी निखिलकडे पाहिलं. चौपाटीवर उभा राहून सगळं खाणारा तोच एक. निखिलने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी दीदींकडे पाहिलं. 

मॅडमनी कप खाली ठेवला. "कोड नऊ मी आहे."

फिल्टरचं पाणी पिणाऱ्या, काकडी मिठाच्या पाण्यात बुडवणाऱ्या, आम्हाला वर्षभर हात धुण्यावर व्याख्यान देणाऱ्या मॅडम! काकांचा चेहरा पडला. "नाही म्हणजे, मॅडम, माह्या बघण्यात चूक..."

"तुमच्या बघण्यात चूक होत नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "मी औषध लिहून घेते. आणि माझं नाव निरोगी माणसांतून काढा."

लिफाफा कुणी उघडायला सांगितलं नव्हतं. कुणाला कधी कळलंही नसतं. त्यांना गप्प बसता आलं असतं, आणि त्या बसल्या नाहीत. मला मॅडमविषयी जो आदर आहे तो त्या दिवसापासून आहे.

*

आता आईचा किस्सा. आईला माझं काम ठाऊक होतं, पण ती चारचौघांत ते बोलत नसे. हळदीकुंकवाला कुणी विचारलं तर "पोटाचं काहीतरी करते" म्हणायची आणि तिळगूळ पुढे करायची.

गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीच्या साखरपुड्यात नागपूरच्या एका मावशींनी मला गाठलं. त्यांची मुलगी बँकेत साहेब आहे. त्यांनी खोदून खोदून विचारलं, मी शेवटी खरं सांगितलं. मावशींनी नाकाला पदर लावला. "अगबाई! एवढं शिकून हे? काहून पण? दुसरं काही भेटलं नाही काय?"

मी काही बोलणार तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. आई हातात जिलेबीचं ताट घेऊन उभी होती.

"हव, माझी पोट्टी गू तपासते! लेकरू काहून सुकून राहिलं, ते त्याच्या मायले समजत नाही, डॉक्टरले समजत नाही, हिले समजते. तुम्हाले जिलेबी वाढू काय?"

मावशींनी जिलेबी घेतली नाही. मी घेतली, दोन वेळा घेतली. घरी येताना स्कूटरवर मागे बसलेली आई तलावाजवळून जाताना म्हणाली, "त्या शब्दानं ताट बाटलं असन सगळ्यांचं." मग खुदकन हसली. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली, कारण मला समोरचं नीट दिसेना.

*

दुसरी फेरी सुरू झाली आणि डब्या यायच्या बंद झाल्या.

सुखबती दीदी रिकाम्या हाताने परत यायला लागल्या. कुणीतरी वस्तीत पिल्लू सोडलं होतं की हे लोक मुलांचं पोटातलं विदेशात विकतात. नाहीतर दोन दोनदा कशाला मागतील? दारं बंद. बिसाहिन दाईंनीसुद्धा दीदींना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि डबी घेतली नाही.

मॅडमचा आवाज त्या दिवसांत ऐकूच येत नसे, इतका हळू झाला होता. प्रकल्पाची मुदत संपत आली होती. दुसरे नमुने नाहीत तर पहिले शेकडो नमुने फ्रीजरमध्ये नुसते पडून राहणार. पत्रकं छापावीत, कार्यक्रम घ्यावा, अशा चर्चा आम्ही करत बसलो.

काकांनी चर्चा केली नाही. त्यांनी कपाटातून आरशाचा जुना मायक्रोस्कोप काढला, जो विजेशिवाय उन्हावर चालतो. जुन्या, सांभाळून ठेवलेल्या एका नमुन्याची स्लाइड बनवली. मायक्रोस्कोप गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर दिला आणि स्कूटरला किक मारली. "बस पोट्टी. लोकायले दिसत नाही, म्हणून भेव वाटते. दाखवून तर पाहू."

दाईंच्या ओट्यावर ऊन चांगलं येतं. काकांनी तिथे मायक्रोस्कोप मांडला, आरसा फिरवला, आणि बाजूला सरकून बसले. दहा मिनिटांत गल्ली गोळा झाली. पण पुढे कोण होणार? शेवटी दाई उठल्या, पदर खोचला आणि डोळा लावला.

गोलजंताचं अंडं पाहिलंय का कधी? सोनेरी असतं, कडेने नक्षी काढल्यासारखं. दाई बराच वेळ बघत राहिल्या. मग डोळा न काढताच म्हणाल्या, "मोर घर के भात खा के अतेक सुग्घर होगे!"

दाईंच्या घरचा भात खाऊन जंत एवढा देखणा झाला, म्हणून सगळी गल्ली हसली. दाई हसल्या नाहीत. त्यांनी मान वर केली, दारात उभ्या असलेल्या नातीच्या काडीसारख्या सुकलेल्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "अउ ए दे, लइका सुखागे."

अंडं नेमकं कुणाच्या नमुन्यातलं ते आम्ही सांगत नाही, तो नियम आहे. काकांनी एवढंच सांगितलं, की गोळी दिल्यावर हे जातं, पण परत येतं का, ते बघायलाच दुसरी डबी लागते. विकत घ्यायला याला जगात कोणी येत नाही!

दाईंनी हात पुढे केला. "डब्बा दे. अउ तारीख बता."

नातीला तेव्हा तापामुळे गोळी उशिरा दिली होती, म्हणून तिची तारीख अजून दीड महिना पुढे होती. दाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशाने खूण केली. त्यानंतर त्या गल्लीतलं एकही दार दीदींसाठी बंद राहिलं नाही. काका परत येताना स्कूटरवर शीळ घालत होते, आणि मला वाटत होतं, आपण या माणसाबरोबर काम करतो हे सगळ्या रायपूरला ओरडून सांगावं.

*

पण डब्या पुन्हा येईपर्यंत जो उशीर झाला, तो झालाच. दुसरी फेरी अर्ध्यावर होती आणि मुदत संपायला महिना राहिला होता. ती वाढवून द्यायची की प्रकल्प बंद करायचा, हे ठरवायला तीन जणांची समिती आली. अध्यक्ष पुण्याचे, वयाने मोठे, बोलणं मोजकं. पहिला दिवस बघण्याचा आणि ऐकण्याचा, दुसऱ्या दिवशी निकाल सांगून दुपारचं विमान.

आम्ही लॅब धुतली, पडदे धुतले, निखिलला टाय बांधायला लावला. सुखबती दीदींची त्या दिवशीची फेरी रद्द करून त्यांनाही बसवून घेतलं.

मॅडमनी सगळं मांडलं. अध्यक्षांनी ऐकलं आणि पेन बंद केलं. "बाई, काम चांगलं आहे. पण अशा प्रकल्पात लोक दुसऱ्यांदा येत नाहीत, हा माझा अनुभव आहे. मुदत वाढवून दिली आणि उरलेले नमुने आलेच नाहीत तर? खात्री काय?"

मॅडमनी पडद्यावर पुढची स्लाइड लावली. तिच्यावर आलेख होता. अध्यक्षांनी आलेखाकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात दार ढकलून बिसाहिन दाई आत आल्या. मागे शिपाई "अरे दाई, रुको, रुको" करत. दाईंच्या हातात धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला एकदम आठवलं, आज सत्तावीस नंबरची तारीख! दीदी आल्या नाहीत म्हणून म्हातारी गुढियारीहून ई-रिक्षा करून स्वतःच आली होती.

दाईंनी सगळ्यांवर नजर फिरवली. सगळ्यात मोठ्या खुर्चीत बसलेला तोच सगळ्यात मोठा डॉक्टर, असं ठरवलं आणि सरळ अध्यक्षांकडे गेल्या. पंचा सोडला, डबी काढली आणि काजूच्या बशीशेजारी ठेवली.

"ले बाबू. सत्ताईस नंबर. बिहनिया सात बजे के ये."

अध्यक्षांनी डबीकडे पाहिलं. मग मॅडमकडे पाहिलं. काकांनी पुढे होऊन डबी उचलली आणि बाहेर पळाले, पाठोपाठ निखिलच्या टेबलावरच्या घड्याळाला किल्ली दिल्याची कर्रकर्र ऐकू आली.

अध्यक्षांनी दाईंना हिंदीत विचारलं, "माँजी, आप इतनी दूर से यह देने क्यों आईं?"

"मोर नातिन के पेट के बात ये," दाई म्हणाल्या. "मैं नइ आहूं त कोन आही?" मग त्यांनी अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि त्यांना एकदम दया आली. "तुंहर डब्बा नइ मिले हे का?"

कुणाला काही सुचायच्या आत त्यांनी पिशवीत हात घातला, दीदींनी दिलेली जादाची रिकामी डबी काढली आणि अध्यक्षांच्या हातात ठेवली. वर उद्या सकाळची द्यायची, पाणी घालायचं नाही, त्यांच्यासारखी धुवायची नाही, असं समजावून सांगितलं, "काली बिहनिया के देबे. पानी झन मिलाबे. धोबे झन, मैं एक पइत धो डारे रहेंव. अउ खाली झन लहुटाबे."

निखिल टायमध्ये तोंड लपवून बसला होता. मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. अध्यक्षांनी डबी उलटसुलट करून पाहिली, झाकण फिरवून पाहिलं आणि कोटाच्या खिशात टाकली. "आजची बैठक संपली," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आठच्या आधीच लॅबमध्ये होतो.  मॅडम येरझाऱ्या घालत होत्या. सव्वाआठला गाडीचा आवाज आला आणि अध्यक्ष एकटेच आत आले, हातात कागदी पिशवी. ती त्यांनी काकांपुढे धरली.

"सहा चाळीसची आहे. लेबल लावलंय. डबी रिकामी परत करायची नाही, एवढं माझ्याही आईने शिकवलंय."

काकांनी मास्क लावला, हातमोजे चढवले, झाकण उघडलं. आत या वेळी साखर नव्हती! काका कामाला लागले. स्लाइड बनवली, घड्याळ लावलं, डोळा लावला. अध्यक्ष त्यांच्या मागे उभे राहिले, हात पाठीशी बांधून, अगदी दाईंच्या ओट्यावरची माणसं उभी होती तसे.

मॅडमना राहवेना. "सर, मुदतवाढीचा निकाल..."

"बाई, आधी माझा रिपोर्ट येऊ द्या. मग तुमचा."

काकांनी स्लाइड सरकवली, थांबले, परत सरकवली. घड्याळ टिकटिकत होतं. शेवटी त्यांनी मान वर केली, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने सावकाश पुसला आणि परत घातला.

"सर, गोळी घ्या लागते. अन् तुम्हाले दुसऱ्या फेरीले या लागते. सहा महिन्यानं."

  घड्याळ ट्रर्र करून वाजलं आणि आपोआप बंद झालं.

मग अध्यक्षांनी ट्रेमधून एक रिकामी डबी उचलली, झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि आपल्या बॅगेत ठेवून दिली.